सकाळी तपासलेला माणूस

माझ्यावर पहिला संशय घेतला तो आमच्या कंपनीच्या हवालदार-मेजरने, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. संध्याकाळचा रोल कॉल होता. माझी डावी पापणी अर्धी खाली आलेली, बोलणं जड झालेलं, स्वतःचं नाव सांगतानासुद्धा जीभ अडखळत होती. तो माझ्या तोंडाजवळ नाक आणून उभा राहिला. वास आला नाही. तरी त्याने मला रांगेतून बाजूला काढलं आणि हळू आवाजात विचारलं, "विलास, तू तो पीता नहीं था यार. कब से शुरू किया?"

मी फलटण तालुक्यातल्या एका लहान गावचा. बारावी झाल्यावर सैन्यात भरती झालो आणि सगळी नोकरी जड गाड्या चालवण्यात गेली. दारूला मी कधी शिवलो नव्हतो. पण त्या दिवसापासून मेसमध्ये माझ्या ग्लासात काय आहे, हे लोक चोरून बघायला लागले.

पुढे काही आठवड्यांनी ताफ्यात गाडी चालवताना समोरच्या एका ट्रकचे दोन ट्रक झाले. खरा कोणता ते कळेना. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या गाड्यांना थांबायचा हात केला. या एका निर्णयाबद्दल मला शाबासकी मिळायला हवी होती असं मला वाटतं. मिळाली ती चौकशी.

मग डॉक्टर सुरू झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासला, तो ठीक निघाला. मेंदूचा फोटो निघाला, तोही ठीक. मग मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी खूप प्रेमाने विचारलं, "बायको दुबईला नोकरी करते ना तुमची? एकटीच असते का तिथे?" प्रश्न साधाच होता. पण 'एकटीच' म्हणण्याआधी ते जरा थांबले, आणि ते थांबणं माझ्या डोक्यात रुतून बसलं.

शेवटी पुण्यातल्या लष्करी रुग्णालयात एक तरुण मेजर भेटला. तो माझ्याशी फार बोललाच नाही. रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले, गाठ मारली आणि तो थंड गोळा माझ्या मिटलेल्या डोळ्यावर धरून ठेवला. काढला तेव्हा पापणी वर आली होती. पूर्ण वर. आरशात मी कितीतरी महिन्यांनी संध्याकाळच्या वेळी दोन्ही उघड्या डोळ्यांनी स्वतःला पाहिलं आणि मला रडू आलं.

"मायस्थेनिया," तो म्हणाला. "नस का मैसेज मसल तक ठीक से पहुँचता नहीं."

"ठीक हो जाऊँगा सर?"

"कंट्रोल में रहेगा."

मी विचारलं होतं ठीक होण्याबद्दल. उत्तर आलं कंट्रोलचं. हा फरक मी त्याच क्षणी टिपला. आजाराला नाव मिळालं याचा आनंद होता, आणि हा माणूस अर्धं सांगतोय ही शंकाही होती. पुढची दोन वर्षं मी या दोन्हींच्या मध्येच काढली.

*

हा आजार असा आहे की सकाळी माणूस ठणठणीत असतो. विश्रांती झालेली असते, गोळी पोटात गेलेली असते. जसा दिवस उतरतो तशी ताकद उतरते. दुपारी पापणी, संध्याकाळी जीभ, मग चावणं, मग मान. ज्यांनी मला सकाळी पाहिलं त्यांना मी खोटारडा वाटतो. ज्यांनी संध्याकाळी पाहिलं त्यांना दारुडा.

मेडिकल बोर्डाने मला सकाळी पाहिलं.

तीन अधिकारी बसले होते. मी दाढी करून, कडक इस्त्री करून, गोळी घेऊन हजर झालो. सैनिकाला साहेबांसमोर नीट दिसायची सवय असते. त्यांनी हात वर करायला सांगितले, मी केले. बोटं दाबायला सांगितली, दाबली. एकजण म्हणाला, "ठीक लग रहे हो," आणि मी मूर्खासारखा छाती पुढे काढून "जी सर" म्हणालो.

निकाल आला. नोकरी संपली, म्हणजे आमच्या भाषेत बोर्ड आउट. अपंगत्व तीस टक्के, तेही तात्पुरतं, दोन वर्षांपुरतं. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. आजाराचा सेवेशी संबंध नाही, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. आणि खाली एक ओळ होती. इंग्रजी होती, तिचा अर्थ असा: रुग्ण सांगतो त्या प्रमाणात लक्षणे तपासणीत आढळली नाहीत.

ही ओळ मी ज्याला दाखवली त्याने वेगळी वाचली. धाकटा भाऊ म्हणाला, "यात काय, दिसलं नाही तर दिसलं नाही लिहिलंय." गावातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "सरकारी भाषा असते ती." मला मात्र त्यात एकच शब्द दिसत होता, जो तिथे लिहिलेलाच नव्हता. खोटारडा.

अपील करायला सहा महिने होते. पण अपील म्हणजे नुसता अर्ज नाही. नवा बोर्ड पुन्हा तपासतो. तो टक्के वाढवू शकतो, तेवढेच ठेवू शकतो आणि कमीही करू शकतो. हे सगळे सांगतात. पण सांगताना आपल्याकडे कसे बघतात, ते तुम्ही अनुभवल्याशिवाय कळत नाही.

*

मी दुबईला आलो तो बायकोच्या व्हिसावर. अर्चना इथल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. मी सीमेवर असताना ती आणि आमची मुलगी ईरा अल मनखूलमध्ये एका जुन्या इमारतीत राहत होत्या. आता त्या घरात मी आलो. त्यांचं सगळं आधीच बसलेलं होतं. कुठल्या खणात काय, कुठल्या दिवशी कुठली भाजी, रिमोट कोणाकडे. मी सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसलेला असायचो.

औषधांचा दिनक्रम लागला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना, फोनवर गजर. उन्हाळा या आजाराचा वैरी, आणि इथला उन्हाळा म्हणजे बकाल्यातून, म्हणजे खालच्या किराणा दुकानातून, दूध आणेपर्यंत माझी पापणी खाली यायची. त्यामुळे मी सकाळीच कामं उरकायचो. पाण्याची मोठी बाटली खांद्यावर टाकून वर न्यायचो. इमारतीचा वॉचमन पेशावरकडचा, बोलका माणूस. एकदा संध्याकाळी मी लिफ्टच्या भिंतीला टेकून उभा होतो, तर म्हणाला, "सुबह तो शेर थे आप. अब क्या हुआ?"

तो हसत होता. मी त्या दिवसापासून पाण्याची बाटली उचलणं बंद केलं. कोणीतरी फोटो काढेल आणि तो पुण्याला पोचेल अशी मला खात्रीच वाटायला लागली. पेशावरचा वॉचमन माझ्या बोर्डाला फोटो कसा पाठवणार, हे मी स्वतःला विचारलं नाही. संशयाला असले प्रश्न आवडत नाहीत.

मग आमच्या आरोग्यविम्याच्या कंपनीकडून फोन आला. एक गोड आवाजाची मुलगी हिंदीत विचारत होती, "सर, ये तकलीफ़ पहली बार कब शुरू हुई थी?" मी फोन कापला. आजार सैन्यात असताना सुरू झाला म्हणावं, तर विमावाले म्हणतील जुना आजार आहे, औषधं देणार नाही. इथे येऊन सुरू झाला म्हणावं, तर अपील बुडालं. दोन्हीकडून जाळं आहे असं मला वाटलं. अर्चनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी पहिल्याच दिवशी सगळं खरं लिहून दिलंय त्यांना. त्या बिचारीला फक्त तारीख हवी होती."

"मला न विचारता लिहून दिलंस?"

"खरं लिहायला काय विचारायचं?"

तिचं बरोबर होतं. पण मी मनात वेगळीच नोंद केली. ही माझ्याबद्दल परस्पर लोकांशी बोलते.

आणि ती खरंच बोलत होती. ड्युटीवरून आली की बाल्कनीचं दार ओढून घ्यायची आणि हळू आवाजात कोणाशी तरी बोलायची. मी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळ गेलो की म्हणायची, "बरं, मग कळवते," आणि फोन ठेवायची. त्या मनाच्या डॉक्टरांचं ते थांबणं मला तेव्हा रोज आठवायचं.

*

सावंत साहेब निवृत्त सुभेदार. मूळ सिंधुदुर्गातले, आता जबल अली बंदराजवळ एका गोदामाच्या सुरक्षेचे सुपरवायझर. इथल्या माजी सैनिकांच्या एका जेवणात ओळख झाली. सुट्टीच्या दिवशी ते आमच्या भागात, बर दुबईला यायचे आणि आम्ही कॅफेटेरियात करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा घेत बसायचो.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा खाली ठेवला.

"गोळ्या खाऊन बोर्डापुढे गेलास?"

"रोजच घेतो साहेब."

"तिथंच हरलास तू. आता अपील करशील तर त्या दिवशी गोळी घ्यायची नाय. आदल्या दिवशीपासून नाय. बघू दे त्यांना."

"आणि श्वास अडकला तर?"

"हॉस्पिटलातच असशील ना? अडकला तर बरंच हाय." ते हसले. मग गंभीर झाले. "नायतर दुसरा रस्ता. गप बस. आमच्याकडे डिस्पॅचची जागा हाय. खुर्चीवर बसायचं, गाड्यांच्या एंट्र्या करायच्या. एसी. दोन वर्षांनी बघू काय ते."

मी घरी येताना बसमध्ये विचार करत होतो. एका दमात हा माणूस मला आजारी पडायला सांगतो आणि दुसऱ्या दमात नोकरी देतो. याचा यात काय फायदा? नोकरी घेतली तर मी काम करू शकतो याचा पुरावा झाला, मग टक्के वाढवा कोणत्या तोंडाने म्हणू? नाही घेतली तर बायकोच्या जिवावर बसलेला नवरा. खरं सांगायचं तर सावंत साहेबांचा काहीच फायदा नव्हता. ते मोकळ्या स्वभावाचे गृहस्थ आहेत आणि जे सुचेल ते बोलतात. पण त्या दिवसांत माझ्यापुढे कोणी चहाचा कप सरकवला तरी त्याने तो उजव्याच हाताने का सरकवला याचा मी विचार करायचो.

*

मुदतीचे दोन महिने उरले होते तेव्हा एका सकाळी मी अर्चनाजवळ विषय काढला. ती डबा भरत होती.

"मी अपील करतोय."

तिने वर पाहिलं नाही. "नका करू."

"का?"

"मला नाही योग्य वाटत."

"का पण? माझ्यावर खोटेपणाचा शिक्का आहे, तो तसाच राहू दे?"

"शिक्का तुम्हीच मारून घेतलाय. त्या कागदावर तसं लिहिलेलं नाही." तिने डब्याचं झाकण लावलं. "तुम्हाला बरं व्हायचंय की आजारी आहे हे सिद्ध करायचंय? एक काहीतरी ठरवा. दोन्ही एकदम कसं जमेल?"

"तुला बरं आहे. तुझी नोकरी आहे, तुझं घर आहे, तुझे फोन आहेत."

"माझे फोन?"

ईरा टेबलाशी बसून दूध पीत होती. ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शाळेची बस आली म्हणून खालून फोन आला आणि ते बोलणं तिथेच तुटलं. पण अर्चनाने दारातून निघताना माझ्याकडे असं पाहिलं, की मी काय म्हटलं ते तिला नेमकं कळलं असं मला वाटलं.

*

त्यानंतरच्या शनिवारी मी जे केलं, ते कोणीही करू नये म्हणूनच मुख्यतः हे लिहितोय.

अर्चना सकाळच्या ड्युटीला गेली होती. ईरा घरी होती. मी सकाळची गोळी घेतली नाही. कारण मी स्वतःला सांगितलं ते असं: मला फक्त बघायचं आहे. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता. बोर्ड म्हणतो लक्षणं दिसत नाहीत. वॉचमन म्हणतो सकाळी शेर. बायको म्हणते ठरवा. मग मी खरंच आजारी आहे का? की संध्याकाळ झाली की मीच पापणी खाली सोडतो? आपण नाटक करत असू आणि आपल्यालाच माहीत नसेल, असं होऊ शकतं का? हा प्रश्न माझ्या डोक्यात कुठून आला माहीत नाही, पण आला तो गेला नाही.

दुपारचीही गोळी मी घेतली नाही. गजर वाजला, मी बंद केला. जेवायला बसलो. दोन-तीन घासांनंतर जबडा चालेना. हाताने हनुवटी वर ढकलून मी चावत होतो. मग पाणी प्यायलो तर ते नाकातून बाहेर आलं.

ईरा पलीकडे बसून चित्र रंगवत होती. मी तिला काहीतरी म्हणालो, टॉवेल दे असंच काहीतरी. तिने रंग खाली ठेवला.

"बाबा, व्हाय आर यू टॉकिंग लाइक दॅट?"

मी हसायला गेलो. हसण्याचे स्नायूही गेले होते. चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. ती मागे सरकली. माझी मान पुढे पडत होती आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो होतो. आता मला गोळी हवी होती, पण गिळता येणार नाही हे कळत होतं. उठून दारापर्यंत जाता येणार नाही हेही कळत होतं. सगळं कळत होतं. या आजारात हेच भयंकर आहे, डोकं शेवटपर्यंत जागं असतं.

तिने आईला फोन लावला. नऊ वर्षांची पोर, आवाज रडवेला पण शब्द स्पष्ट. "ममा, बाबा कान्ट होल्ड हिज हेड. कम नाऊ." मग ती पळत खाली गेली आणि वॉचमनला घेऊन आली. त्याने मला पाठीमागून धरून बसतं ठेवलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो एकच बोलत होता, "साँस लो भाई, साँस लो." ज्याच्या कॅमेऱ्याला मी घाबरत होतो, त्याच्याच छातीला टेकून मी श्वास घेत होतो.

*

अतिदक्षता विभागात दिवस आणि वार राहत नाहीत, फक्त ड्युट्या बदलतात. हातात सुई, सुईतून थेंब थेंब उतरणारं महागडं औषध, छातीवर तारा. दर थोड्या वेळाने नर्स येऊन म्हणायची, एका श्वासात मोजा. ती केरळची होती. मी मराठीत मोजायचो आणि तिला आकडे कळायचे नाहीत, म्हणून ती बोटांवर मोजायची. पहिल्या दिवशी सहापर्यंत गेलो आणि दम संपला. श्वासाचं यंत्र शेजारी आणून ठेवलं होतं. ते लावायची वेळ आली नाही, पण मी सतत त्याच्याकडेच बघत होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी वीसच्या पुढे गेलो, तेव्हा तिने माझा हात दाबला आणि मला पातळ खीर भरवली. पहिला घास खाली गेला, अडकला नाही. बाकी आयुष्यात मी काय काय खाल्लं असेल, पण त्या खिरीची चव मी विसरणार नाही.

तोंडाने नीट बोलता यायला लागलं तेव्हा अर्चना खुर्ची ओढून जवळ बसली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हॉस्पिटलच्याच कपड्यात होती, ड्युटीवरून सरळ आली होती.

"गोळी चुकली होती की सोडली होती?"

मी छताकडे बघितलं.

"अहो, मी विचारतेय."

"सोडली होती."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं तुम्ही हे करणार. म्हणून नको म्हणत होते अपील. दुसरं काही कारण नव्हतं. तुम्ही हट्टाला पेटलात की स्वतःचं नुकसान करूनही जिंकायला बघता, हे मी लग्नापासून बघतेय. बोर्डाला दाखवायला म्हणून तुम्ही तिकडे पुण्यात हेच कराल आणि मी इथे असेन, याची भीती होती मला."

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण आता लपवायला ताकद नव्हती. "बाल्कनीत फोनवर कोणाशी बोलायचीस?"

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला, मग तो गेला आणि तिथे नुसता थकवा राहिला.

"आमच्या रोस्टरवाल्या बाईंशी. मला कायमची सकाळची ड्युटी मागत होते. संध्याकाळी तुमची हालत वाईट होते आणि दुपारपाळी लागली की तेव्हाच मी घरात नसते, म्हणून. तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, माझ्यासाठी कोणाच्या पाया पडू नकोस." तिने माझ्या उशीची कड सरळ केली. "काय वाटलं होतं तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही कसं."

तिने पुढे विचारलं नाही. ते मी तिचे उपकार समजतो.

*

इथे आल्यापासून मला तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्ट बाई हैदराबादच्या. मी घरी आल्यावर त्यांच्या क्लिनिकमध्ये गेलो तेव्हा अर्चना बरोबर होती. मी बाईंना म्हणालो, बोर्डासाठी जरा कडक रिपोर्ट द्या.

"कडक क्या होता है?" त्यांनी चष्मा काढला. "देखिए, मैं आपको ज़्यादा बीमार नहीं लिखूँगी, कम भी नहीं. पर्सेंटेज मेरा काम नहीं है. जो दिखता है वही लिखती हूँ."

लगेच माझ्या डोक्यात आलं, या घाबरतायत. आपलं नाव कशाला अडकवा, असा विचार करतायत. पण त्यांनी पुढे विचारलं, "आपको आर्मी बोर्ड ने देखा किस टाइम?"

"सकाळी. सुबह."

"और मैंने?"

"शाम को." त्यांची ओपीडी संध्याकाळचीच असते.

त्यांनी एक दिवस ठरवला. त्या दिवशी सकाळी मला बोलावलं, गोळी वेळेवर घेऊन. छताकडे बघायला सांगितलं, हात समोर धरायला सांगितले, मोठ्याने मोजायला सांगितलं. सगळं लिहून ठेवलं. मग म्हणाल्या, घरी जा, रोजचं काम करा, गोळ्या वेळेवर घ्या आणि संध्याकाळी परत या. संध्याकाळी तीच तपासणी. छताकडे बघता बघता पापण्या खाली आल्या. मोजता मोजता आवाज नाकात गेला. गोळ्या घेतलेल्या असूनही. एकच माणूस, एकच दिवस, दोन तपासण्या. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्या आणि सही केली.

क्लिनिकमधून बाहेर पडल्यावर अर्चना रस्त्यातच थांबली.

"आता करा अपील."

"तूच नको म्हणत होतीस."

"गोळ्या सोडून करू नका म्हणत होते. आता खरं तेवढं सांगायचंय ना? मग करा. पण एक अट. त्या दिवशी गोळी घेतल्याचा व्हिडिओ मला पाठवायचा. माझा तुमच्यावर विश्वास नाही."

ती हसत नव्हती. आता संशय घ्यायची पाळी तिची होती, आणि तिला तो हक्क होता.

*

अर्जात मी एवढंच मागितलं: मला दुपारनंतर तपासावं, आणि आजार ड्युटीवर असताना सुरू झाला याचा पुन्हा विचार व्हावा. रागाची वाक्यं अर्चनाने सगळी काढून टाकली.

पुण्यात बोलावलं ते सकाळी आठला. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. खिडकीवरच्या बाबूला विनंती केली तर तो म्हणाला, "सबको सुबह ही देखते हैं." मी गोळी घेतल्याचा व्हिडिओ बायकोला पाठवला आणि बाकावर बसलो. माझं नाव पुकारलं. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर कर्नल होते. त्यांनी अर्ज वाचला, हैदराबादच्या बाईंचा कागद दोन वेळा वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेत मला काय दिसलं ते सांगत नाही, कारण आता माझाच त्यावर भरवसा नाही.

"बाहर बैठो," ते म्हणाले. "जाना मत."

दुपार गेली. लोक आले आणि गेले. मी डबा खाल्ला, दुपारची गोळी घेतली, दुसरा व्हिडिओ पाठवला. मला विसरले असतील, किंवा मुद्दाम बसवलं असेल, किंवा मी कंटाळून जावं म्हणून हे चाललंय, असे तिन्ही विचार आलटून पालटून येत राहिले. चार वाजून गेल्यावर आत बोलावलं.

"ऊपर देखो."

मी छताकडे पाहिलं. तिथे एक पंखा संथ फिरत होता. थोड्या वेळाने त्या पंख्याचे दोन पंखे झाले. मग पापणी खाली यायला लागली आणि मी ती थांबवायचा प्रयत्न केला. खरंच केला. नीट दिसायची ती सवय, इतकं सगळं होऊनही, गेलेली नव्हती.

"रोको मत," कर्नल म्हणाले. "आने दो."

मी येऊ दिली.

*

निकाल यायला बरेच महिने लागले. टक्के तिसाचे चाळीस झाले. तात्पुरतेच, पुन्हा दोन वर्षांसाठी. सेवेशी संबंध मात्र याही वेळी नाकारला. त्याविरुद्ध आणखी वरच्या ठिकाणी जाता येतं असं सांगतात. जायचं की नाही, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. सावंत साहेबांच्या गोदामातली ती जागा मी घेतली, सकाळच्या पाळीची. जबल अलीची कंपनीची बस मला दुपारी घरी सोडते. साहेबांना मी आधीच सगळं लेखी सांगितलं, आणि बोर्डालाही कळवलं. लपवलं की मग कोण बघतंय याची काळजी करावी लागते, आणि त्या काळजीत माझं अर्धं वर्ष गेलेलं आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला हा आजार असेल आणि समोर असाच निर्णय असेल, तर करा किंवा करू नका, असं मी सांगणार नाही. तुमच्या बोर्डाबद्दल मला काही माहीत नाही. एवढंच सांगतो की औषध सोडून काही सिद्ध करायला जाऊ नका. आणि घरातल्या माणसाबद्दल काही वाटत असेल, तर दार ओढून ते बोलत असताना पाण्याच्या निमित्ताने चोरून ऐकू नका. सरळ विचारा. मला विचारायला अतिदक्षता विभागापर्यंत जावं लागलं.

परवा संध्याकाळी अर्चना आणि मी चहा घेत होतो. नवं औषध सुरू झाल्यापासून माझी पापणी जरा उशिरा उतरते, हे तिच्याच लक्षात आलं.

"पुढच्या तपासणीला टक्के कमी झाले तर?" तिने विचारलं.

"होऊ देत की. पेढे वाटू."

"आणि अपील?"

"नाही करणार." मी कप खाली ठेवला. "आधी फक्त बघेन, त्यांनी मला तपासलं किती वाजता."